शेपटीतला एक्केचाळिसावा

पन्नास हजाराव्या दाखल्याच्या सोहळ्यात, भरल्या सभागृहात, ध्वनिक्षेपक चालू असताना, मोठ्या सरांची विद्वत्ता दोन किलो बटाट्यांखाली सापडून गतप्राण झाली.

असं काहीही घडलेलं नाही. वैद्यकीय महाविद्यालयाने तसं परिपत्रकच काढलं आहे : ‘सदर दिवशी सदर ठिकाणी सदर प्रकार घडला नसून, जो घडला तो तांत्रिक बिघाड होता.’ खाली सही आहे, शिक्का आहे. सही-शिक्क्यापुढे आपण कोण? तेव्हा आपणही काही घडलंच नाही असं धरून चालू, आणि खरोखरच काही घडलं नव्हतं त्या दिवसांपासून सुरुवात करू.

त्या दिवसांत रुग्णालयात शिरलं की समोर केसपेपरची खिडकी दिसायची आणि खिडकीच्या वर, पूर्वी घड्याळ होतं त्या जागी, लाल आकड्यांचा फलक. घड्याळ काढलं, कारण वेळ काय सगळ्यांवरच येते. आकडा मात्र एकट्या मोठ्या सरांचा होता. सकाळपासून फलकाखाली ही गर्दी. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात झाकण घट्ट लावलेली बाटली, आणि सगळ्यांच्या माना वर. आकडा एकाने वाढला की टिंग वाजायचं आणि रांगेतून हुंकार उठायचा.

“झाला, झाला! किती झाले हो?”

“एकोणचाळीस हजार सहाशे बारा.”

“काल अकरा होते ना?”

“काल कुठले? मघाशी मी रांगेत लागलो तेव्हा अकरा होते.”

“मग हा माणूस झोपतो कधी?”

“झोपतो ना. झोपेतही वाढतात. त्यालाच विद्वत्ता म्हणतात.”

आकडा दाखल्यांचा होता. एका संशोधकाने आपल्या लेखात ‘अमक्याने हे आधीच सिद्ध केलं आहे’ असं लिहिलं, की अमक्याच्या नावावर एक दाखला जमा होतो. कॉलेजातले लोक त्याला सायटेशन म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला मिळवायचा तर निदान शाळा तरी सोडावी लागते. या दाखल्याला तेवढेही कष्ट नाहीत.

मोठे सर मधुमेह विभागाचे प्रमुख. त्यांच्या नावावर सातशे लेख होते. एका वर्षी तर त्यांनी दर तीन दिवसांनी एक लेख लिहिला. त्याच वर्षी ते सहा महिने परिषदांना परगावी आणि दोन महिने पाठदुखीने आडवे होते. पण प्रतिभेला पाठ कुठे असते? या सातशे लेखांचा अर्क म्हणजे निळा दिवा. रोज अर्धा तास निळ्या दिव्याखाली बसायचं आणि इन्सुलिन सोडून द्यायचं. साखर उतरते. का उतरते, ते सर सांगायचे :

“मी सांगत नाही. मी कोण सांगणारा? आकडा सांगतो! विज्ञान म्हणजे काय? संख्या. आणि संख्या कुणाची मोठी?”

“तुमचीच, सर!”

“पाहा. मी म्हणालो का? तुम्ही म्हणालात.”

एकदा एका तरुण सर्जनने भर बैठकीत विचारलं होतं, “सर, पण दिवा निळाच का?”

“तुमचे दाखले किती?”

“दोन.”

“दोनवाल्यांनी रंगात पडू नये.”

सर्जन खाली बसला. त्यानंतर त्याने थेट बदलीच मागून घेतली, तीही अशा गावी जिथे पोटं कापायची असतात आणि दाखले कोणी मोजत नाही.

या विभागातली सगळ्यांत लहान व्याख्याती म्हणजे धाकटी. घरीही ती दोन बहिणींतली धाकटी, त्यामुळे दोन्हीकडे तिचं एकच नाव आणि एकच किंमत. तिचे दाखले चार. त्यातला एक तिच्या मैत्रिणीने दिलेला, आणि तोही वाढदिवसाला.

धाकटीला निळ्या दिव्याची काळजी वाटायला लागली ती वरच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांमुळे. काकांनी दिवा आणला, इन्सुलिन सोडलं आणि आठवड्याभरात कपडे बेतता बेतता टेबलावरच कोसळले. साखर इतकी चढली होती, की मोजायच्या यंत्राने आकडा दाखवायचं नाकारलं. धाकटी त्यांच्यासोबत रुग्णवाहिकेतून गेली. काका वाचले. मोठे सर वॉर्डात येऊन बघून गेले आणि निदान करून गेले : “दिव्याकडे तोंड करून बसलात ना? चुकलं. पाठ करायची असते.” पुढच्या खाटेवरच्या बाई पाठ करून बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, तोंड करायचं असतं.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघून घरी धाकटीचे बाबा म्हणाले, “मी पण नाव घातलंय. दिव्याच्या यादीत.”

बाबा पंधरा वर्षांचे मधुमेही आणि निवृत्त वजन-मापे निरीक्षक. नोकरीत असताना ते बाजारात शिरले की दुकानदारांचे अंगठे तराजूवरून आपोआप खिशात जायचे. काटा मारणारा असा एक माणूस त्या बाजारात उरला नव्हता, ज्याला बाबांनी ‘मापात पाप’ या विषयावर अर्धा तास उभं करून ऐकवलं नव्हतं. प्रमाणित वजनांची पेटी अजून घरात होती, फलालीनमध्ये गुंडाळलेली. तिला हात लावायची परवानगी आईलाही नव्हती.

“बाबा, शिंपीकाकांचं काय झालं पाहिलंत ना?”

“त्याचा दिवा साधा होता. बाजारातला.”

“आणि मी इन्सुलिन सोडू नका म्हणते, त्याचं काय?”

“तुझे दाखले किती?”

“बाबा, मी डॉक्टर आहे. त्याच विभागात आहे.”

“म्हणून तर विचारतोय. चार ना? इकडे चार, तिकडे चाळीस हजार. मी जन्मभर तराजूपाशी उभा राहिलोय, पोरी. पारडं कुठं झुकलंय ते मला नको शिकवू.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “पिकतं तिथं विकत नाही गं. तू दुसऱ्याच्या घरी जन्मली असतीस तर ऐकलं असतं त्यांनी.”

बाबांचा नंबर सोहळ्याच्या दिवशी लागणार होता. दाखले पन्नास हजार होतील त्या दिवशी सभागृहात शंभर मधुमेही काचेच्या पेटीत आपली इन्सुलिनची पेनं टाकून कायमचे मुक्त होणार होते. फलक ज्या गतीने टिंग-टिंग करत होता ते पाहता हातात दोनेक महिने होते.

आता मोठ्या सरांचा आकडा वाढायचा कसा, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नव्हतं. तिथे शेपूट लावायची पद्धत होती. कुणीही लेख लिहिला, मग तो मूत्रपिंडावर असो की मोतीबिंदूवर, तर त्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य चिकटवायचं : ‘निळ्या प्रकाशाने साखर उतरते, हे आता जगमान्य आहे (१ ते ४०).’ आणि त्याखाली मोठ्या सरांच्या चाळीस लेखांची यादी. शेपूट विभागाच्या संगणकावर तयार असायचं. ते नसेल तर सर सही करत नसत. शिवाय सर एका मासिकाचे संपादक होते, दुसऱ्याचे सल्लागार आणि तिसऱ्याच्या मालकाचे मेहुणे. तिथे बाहेरून आलेल्या लेखांनाही छापण्याआधी शेपूट फुटायचं. त्या बदल्यात बाहेरच्यांची शेपटं इथे लागायची. अहो रूपम्, अहो ध्वनी! उंटाने गाढवाचा आवाज वाखाणायचा, गाढवाने उंटाचा बांधा.

शेपटीची देखभाल धाकटीकडे होती, कारण लहानांना लहान कामं. आणि देखरेखीवर होते सहयोगी प्राध्यापक, ज्यांना सगळे पाठीमागे होयबा म्हणत. समोरही म्हणाले असते, पण त्यालाही ते हो म्हणाले असते.

“सर, हे चाळीस लेख कुणी वाचलेत का हो?” धाकटीने एकदा विचारलं.

होयबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वाचायचे म्हणजे?”

“म्हणजे... उघडून. आतलं.”

“अगं, चाळीस हजार वेळा दाखला दिलेला लेख वाचून बघायचा, म्हणजे तो त्या चाळीस हजार लोकांचा अपमान नाही का?”

धाकटीने तो अपमान करायचं ठरवलं. दुपारी ओपीडी आटपली की ती रिकाम्या तपासणी-टेबलावर मांडी घालून बसायची आणि एकेक लेख वाचायची. दुसऱ्या लेखात लिहिलं होतं, निळ्या दिव्याचा पुरावा तिसऱ्यात आहे. तिसऱ्यात लिहिलं होतं, चौथ्यात आहे. चौथा पाचव्याकडे बोट दाखवत होता. असं करत करत ती चाळिसाव्यापाशी पोचली. तो म्हणत होता, सविस्तर पुरावा पहिल्यात पाहावा.

पहिला तिने मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यात मात्र खरंच प्रयोग होता. अकरा रुग्ण, एक दिवा, आणि सगळ्यांची साखर उतरलेली! धाकटी क्षणभर वरमली. मग तक्त्याच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात एक ओळ दिसली : ‘प्रयोगकाळात सर्व रुग्णांचे इन्सुलिन नेहमीप्रमाणे चालू ठेवण्यात आले.’

म्हणजे साखर इन्सुलिनने उतरत होती आणि दिवा शेजारी उभा राहून नमस्कार स्वीकारत होता. याच ओळीच्या जिवावर आता शंभर माणसं इन्सुलिन टाकून देणार होती.

तिने ती ओळ बाबांना दाखवली. बाबांनी चष्म्यातून पाहिली, चष्म्यावरून पाहिली.

“अक्षर बारीक आहे,” ते म्हणाले. “महत्त्वाचं असतं तर मोठं छापलं असतं.”

त्या क्षणी धाकटीला कळलं, की या घरात पुरावा चालणार नाही. इथे आकडाच लागणार.

“बाबा,” ती अगदी सहज म्हणाली, “वजनकाट्याची निगा यावर तुम्ही एक लेख का लिहीत नाही? नाहीतर एवढं ज्ञान तुमच्याबरोबरच जाईल हो.”

बाबांना एवढंच हवं होतं. त्यांनी एका बैठकीत ‘मापनाच्या अचूकतेबाबत काही निरीक्षणे’ लिहून काढलं. काटा सपाट जागी ठेवावा. ओल्या फडक्याने पुसू नये. खात्री करण्यासाठी प्रमाणित वजनाने तोललेले दोन किलो बटाटे पारड्यात हळुवार ठेवावेत, फेकू नयेत. बटाटे सोललेले नसावेत, कारण सोललेला बटाटा वाळतो व वजन हरवून बसतो.

धाकटीने तो जसाच्या तसा मोठ्या सरांच्या मासिकाकडे पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं. तज्ज्ञ परीक्षकाने लेख बारकाईने वाचून अभिप्राय दिला होता : ‘मधुमेहावरील उपचारांत मोलाची भर. मात्र सोबतचे चाळीस संदर्भ जोडावेत.’ जोडले. छापून आला. बटाटे फेकू नयेत या वाक्याखाली आता निळ्या प्रकाशाने साखर उतरत होती.

मग धाकटीने विभागातला संगणक उघडला आणि शेपटीच्या टोकाला बाबांचा लेख लावला. वाक्यातल्या चाळीसचे एक्केचाळीस केले. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

कुणी विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात बाबांचे दाखले नऊ झाले. महिन्याभरात ऐंशी. मूत्रपिंडवाले, मोतीबिंदूवाले, एक तर दातांच्या कवळीवर लिहिणारा, सगळे छातीठोक सांगत होते, की निळ्या प्रकाशाने साखर उतरते, पाहा बाबांचे बटाटे. दीडशे झाले तेव्हा धाकटीने ठरवलं, की आता पुरे. संध्याकाळी चहाच्या वेळी तिने बाबांना संगणकावर त्यांचं नाव आणि आकडा दाखवला. आता बाबा हसतील, मग गंभीर होतील, मग यादीतून नाव काढतील, असा तिचा हिशेब होता.

बाबांनी आकडा पाहिला. उठले. शर्ट बदलून आले. परत पाहिला.

“एकशे बावन्न,” ते हळूच म्हणाले. “मला वाटायचंच.”

“काय वाटायचं?”

“की माझ्यात काहीतरी आहे. तुझ्या आईला कधी दिसलं नाही.”

“अहो बाबा, ते मी घातलंय शेपटीत! कुणी न वाचता चिकटवतायत!”

“तू एकदा घातलंस. बाकीच्या एकशे बावन्न डॉक्टरांनी काय डोळे मिटून उचललं?”

“हो! डोळे मिटूनच!”

“पोरी,” बाबा कनवाळूपणे म्हणाले, “मत्सर करू नये. आणि बापाचा तर मुळीच करू नये.”

आईने कपात चहा ओतता ओतता धाकटीकडे पाहिलं. “करायला गेली गणपती, झाला मारुती,” ती म्हणाली. “आता हे निस्तर.”

निस्तरायचं कुठलं? बाबा आता दूधवाल्याला आकडा सांगू लागले. जिन्यात शिंपीकाका भेटले, तर “अभ्यास चाललाय” म्हणू लागले. वर्तमानपत्र वाचताना समासात ‘असहमत’ असं लिहू लागले. तिकडे होयबांना शोध लागला, की आपल्याच शहरात निळ्या प्रकाशाचे आणखी एक थोर संशोधक राहतात, दाखले दोनशेच्या वर. लगेच निमंत्रण आलं. सोहळ्यात व्यासपीठावर मोठ्या सरांच्या शेजारी बाबांची खुर्ची. आणि शंभर जणांत इन्सुलिनचं पेन पहिल्यांदा टाकण्याचा मान बाबांचा.

“नंबर शेहेचाळिसावा होता,” बाबा म्हणाले. “आता पहिला. विद्वानांनी आधी करून दाखवायचं असतं.”

धाकटीने रात्रभर काय केलं ते सांगण्यासारखं नाही, छताकडे पाहिलं. सकाळी बाबा आरशासमोर भांग पाडत होते, तेव्हा ती दारात उभी राहिली.

“बाबा, एकच विचारते. दुकानात काटा तपासायला जायचात, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर शिक्का मारायचात, की वजन ठेवून बघायचात?”

“वजन ठेवून. पण दुकानदार वेगळे, विद्वान वेगळे.”

“बरं. मग आज तुमची त्या विद्वानांशी भेट आहेच. त्यांना विचारा तरी, तुमच्या लेखातलं काय आवडलं ते.”

बाबांचा कंगवा थांबला. हे त्यांना सुचलं नव्हतं, आणि आवडलं फार होतं.

सभागृह गच्च भरलेलं. व्यासपीठावर काचेची पेटी, तिच्यावर निळा दिवा. मागे पडद्याएवढा फलक : एकोणपन्नास हजार नऊशे नव्याण्णव. शेवटचा एक दाखला कधी येतो म्हणून सगळ्यांचे श्वास अडकलेले. पहिल्या दोन रांगांत ते शंभर जण, मुठीत पेनं धरून. धाकटी व्यासपीठाच्या कोपऱ्यात संगणकापाशी. चित्रं सरकवायचं काम तिचं, कारण लहानांना लहान कामं.

मोठे सर उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी विनयाने मान खाली घातली, आणि टाळ्या थांबतायत असं वाटताच वर करून परत खाली घातली.

“मी बोलणार नाही,” ते म्हणाले, आणि पाऊण तास बोलले. शेवटी त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “मित्रहो, मी एकटा नाही. हे पाहा, हे थोर संशोधक! स्वतः मधुमेही. स्वतःच्या शोधावर स्वतः जीव टाकणारे! या, सर, पहिलं पेन तुमचं!”

बाबा पेटीपाशी आले. पेन पुढे केलं. धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. पण बाबा फटीपाशी थबकले. थोर माणसाने थोर माणसाला भेटावं आणि कौतुक न ऐकता खाली उतरावं, हे त्यांच्याने होईना.

“सर,” ते ध्वनिक्षेपकाजवळ तोंड नेऊन लाजत म्हणाले, “माझ्या लेखातलं आपल्याला विशेष काय भावलं?”

“काय भावलं? अहो, काय नाही भावलं!” मोठ्या सरांनी दोन्ही हात पसरले. “निळ्या प्रकाशाचा तुमचा तो निष्कर्ष! ती निरीक्षणं! आणि ते रुग्ण! किती हळुवारपणे हाताळलेत तुम्ही एकेका रुग्णाला!”

बाबांनी पेन मागे घेतलं.

“रुग्ण?”

“हो! काय ते रुग्ण!”

“सर,” बाबा म्हणाले, “ते बटाटे होते.”

सभागृहात कुणीतरी खोकलं. होयबा सवयीने “वा!” म्हणाले आणि मग इकडे-तिकडे पाहू लागले.

“प्रतीकात्मक बटाटे,” मोठे सर हसत म्हणाले.

“नाही. दोन किलो. न सोललेले.” बाबांचा आवाज बदलला होता. धाकटीने तो आवाज लहानपणी बाजारात ऐकला होता. तो ऐकला की दुकानदार स्टुलावरून उठायचे. “निळा प्रकाश कोणत्या पानावर वाचलात आपण?”

“हे पाहा, तपशिलात—”

“पान.”

“तुम्हाला माझ्याबद्दल शंका आहे? माझे दाखले पन्नास हजार आहेत!”

“माझेही दोनशे सदतीस आहेत. बटाट्यांवर.” बाबा धाकटीकडे वळले. चेहरा उतरला होता, पण डोळे लख्ख होते. “पोरी, त्या बाकीच्या चाळिसांचं काय म्हणत होतीस तू?”

मोठे सर गर्रकन वळले. “त्या मुलीचे दाखले किती?”

“चार,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज लहानच होता, पण ध्वनिक्षेपक चालू होता. “पण मी वाचलेत, सर. चाळीसच्या चाळीस. दुसरा म्हणतो तिसऱ्यात बघा, तिसरा म्हणतो चौथ्यात, आणि चाळिसावा म्हणतो पहिल्यात. पहिला हा बघा.” तिने चित्र सरकवलं. मुंगीच्या अक्षरातली ओळ हत्तीएवढी होऊन पडद्यावर आली. “अकराही जणांचं इन्सुलिन चालू होतं. साखर त्याने उतरली. दिवा नुसता जळत होता. आणि बाकीचे पन्नास हजार दाखले म्हणजे हे एक वाक्य, आम्हीच पुन्हा पुन्हा चिकटवलेलं. कुणी वाचतं का ते बघायला मी त्यात बटाटे घातले. कुणी नाही वाचलं.”

नेमकं तेव्हाच टिंग वाजलं. मागचा फलक फिरला : पन्नास हजार. छतातून रंगीत कागदाचे कपटे पडू लागले, कारण ते यंत्राला जोडलेले होते आणि यंत्राला लाज नसते.

पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने डोक्यावरचा कपटा झटकला, पेन पदराआड सरकवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “हा तरी वाचला का रे कुणी?”

शंभर पेनं परत शंभर खिशांत गेली. पेटी रिकामी राहिली. वरून निळा दिवा तिला बरं करत होता.

घरी आल्यावर जिन्यातच बाबा म्हणाले, “मापात पाप पकडण्यात जन्म गेला. आणि पारड्यावर स्वतःच चढून बसलो.”

“चालायचंच, बाबा.”

“नाही चालायचं. आत चल. इन्सुलिनची वेळ टळलीये.”

पुढे, अर्थातच, काही घडलं नाही. चौकशी समिती नेमली गेली, अध्यक्ष होयबा. समितीने मोठ्या सरांना विचारलं, की काही चुकलं का; ते नाही म्हणाले; समिती हो म्हणाली. सर अभ्यासरजेवर गेले, म्हणजे अभ्यास करायला नव्हे, तसं फक्त म्हणतात. फलक दुरुस्तीसाठी उतरवला आणि त्या जागी घड्याळ परत आलं. ते बंद आहे, पण दिवसातून दोनदा तरी खरं सांगतं.

आपण मात्र यातून एवढं घ्यावं. कुणी मोठा आकडा दाखवून मान तुकवायला सांगितलं, तर मान तुकवण्याआधी विचारावं : हे मोजलं कुणी? नेमकं काय मोजलं? आणि मोजताना त्याचा अंगठा कुठे होता? हजार जणांनी एकच गोष्ट न बघता सांगितली तर ते हजार पुरावे होत नाहीत. ती एकच ऐकीव गोष्ट हजार वेळा होते. आणि डॉक्टरांनी चालू केलेलं औषध कुणाच्या दिव्याला, आकड्याला किंवा भाषणाला भुलून बंद करू नये. विचारायला लाज वाटू देऊ नये. लाज उत्तर नसणाऱ्याला वाटली पाहिजे.

धाकटीने शेपटीतून बाबांना त्याच दिवशी काढून टाकलं. पण शेपूट एव्हाना गावोगाव पोचलं होतं. ते तोडायला आता कुणाचाच हात पुरत नाही. बाबांचा आकडा रोज वाढतोच आहे. म्हणून बाबांनी नेहमीचं शाईचं पेन काढून, समास सोडून, एक अर्ज लिहिला आणि सगळ्या मासिकांना रवाना केला :

‘मा. संपादक महोदय यांस,

विषय : महत्त्व कमी करून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, मी निवृत्त वजन-मापे निरीक्षक असून माझ्या एका लेखास आजमितीस आठशे अकरा दाखले मिळालेले आहेत. सदर लेखात निळा प्रकाश नाही, साखर नाही व रुग्णही नाहीत. बटाटे आहेत. मधुमेहाविषयी मला तो असण्यापलीकडे काहीही माहिती नाही व तसे मी लेखी देण्यास तयार आहे. सबब, ज्या आठशे अकरा विद्वानांनी माझा दाखला दिला, त्यांस लेखाच्या दुसऱ्या पानावर काय आहे हे समक्ष विचारण्यात यावे. तसेच यापुढे कोणाच्याही नावापुढे दाखले किती, हे छापताना त्याशेजारी वाचले किती, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापण्यात यावे. आणि हे शक्य नसल्यास निदान माझे महत्त्व तातडीने कमी करण्यात येऊन तसा दाखला मिळावा, ही नम्र विनंती.’